कांदाचाळीचं गणित

चार वर्षांत मी एकाही विषयात नापास झालो नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ज्या चुका सांगणार आहे त्यांतल्या बहुतेक चांगल्या गुणांखाली झाकून गेल्या होत्या. नापास होणाऱ्या मुलाला निदान कुणीतरी बोलावून घेतं. माझं सगळं ठीक चाललंय असं कॉलेजला वाटत होतं, घरी वाटत होतं आणि मलाही वाटत होतं.

मी निफाड तालुक्यातला. बारावी नाशिकला, विज्ञान शाखेतून. तिथून थेट अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या मक्याच्या शेतांमधल्या एका लिबरल आर्ट्‌स कॉलेजात गेलो. आपल्याकडे या नावाने बरेच गैरसमज होतात. चित्रकला शिकायला गेलास का, असं आत्याने विचारलं होतं. ही कॉलेजं म्हणजे साधारण दीड-दोन हजार विद्यार्थ्यांची, फक्त पदवीचं शिक्षण देणारी निवासी कॉलेजं. तिथे पीएचडी करणारे विद्यार्थी नसतात, त्यामुळे पहिल्या वर्षाचा वर्गसुद्धा प्राध्यापक स्वतः घेतात. वर्गात वीसेक मुलं. भौतिकशास्त्र, मानववंशशास्त्र, एखादी भाषा असं सगळीकडचं थोडं थोडं घ्यावं लागतं आणि मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ठरवायचा. २०१५च्या सुमारास अशा कॉलेजांचा राहण्या-जेवणासह वर्षाचा खर्च ६० हजार डॉलरच्या घरात होता. एवढे पैसे आमच्या सात पिढ्यांनी एकत्र पाहिले नसतील. मला बरंचसं अर्थसाहाय्य मिळालं, उरलेल्यासाठी कर्ज काढलं आणि कॅम्पसवरच्या भोजनगृहात भांडी धुण्याचं काम धरलं. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत असं काम करता येतं.

अर्थशास्त्र मी निवडलं ते अर्थशास्त्रासाठी नाही, ही पहिली चूक. या कॉलेजांत सहसा कॉमर्स किंवा बिझनेस असा विषयच नसतो. त्यामुळे ज्यांना बँकेत किंवा कन्सल्टिंगमध्ये जायचं असतं ती मुलं अर्थशास्त्राच्या दारात गर्दी करतात. मीही त्याच रांगेत होतो. घरी सांगितलं, हे जवळजवळ एमबीएच आहे. बाबांना ते पटलं, आणि पुढे दोन वर्षं मीही त्यावर विश्वास ठेवून वागलो. जो विषय बँकेच्या मुलाखतीत उपयोगी पडणार नाही तो फुकट गेलेला वेळ, असा हिशेब मी मांडला होता. अर्थशास्त्राच्या पहिल्याच आठवड्यात संधीखर्च शिकवतात: एखादी गोष्ट घेतली की तिच्यासाठी जे सोडलं तीच तिची खरी किंमत. परीक्षेत मी ती व्याख्या बरोबर लिहिली. स्वतःचे विषय निवडताना मात्र मी काय सोडतोय, ते एकदाही मोजलं नाही.

मी सोडलेल्या दोन विषयांची नावं सांगतो.

एक होता रिअल ॲनालिसिस. गणित विभागातला, सिद्धतांचा विषय. अर्थशास्त्राच्या पदवीसाठी तो सक्तीचा नव्हता, पण अमेरिकेत पीएचडीला अर्ज करायचा असेल तर निवड समित्या तो आवर्जून पाहतात. हे वरच्या वर्गातल्या एका मुलीने मला दुसऱ्या वर्षीच सांगितलं होतं. मी त्याच विषयाचे मागच्या वर्षीचे गुण विचारले. बी-मायनस मिळालेली मुलं त्यात होती. माझी सरासरी खाली आली तर काय, या भीतीने मी त्याऐवजी कंपन्यांच्या वित्तव्यवहाराचा एक सोपा विषय घेतला. त्यात ए मिळाला. आज त्यातलं एक वाक्यही आठवत नाही.

दुसरा होता आर्थिक विचारांचा इतिहास. मेलेल्या माणसांनी काय लिहिलं ते वाचून कोण नोकरी देणार, असं मी मित्राला म्हणालो होतो. तो विषय मित्राने घेतला आणि रात्री जेवताना मला त्यातल्या गोष्टी ऐकाव्या लागायच्या. मिनेसोटातल्या नॉर्थफिल्ड या गावी कार्लटन नावाचं असंच एक छोटं कॉलेज आहे. तिथे जॉन बेट्‌स क्लार्क शिकवत असे. बाजारात प्रत्येक घटकाला त्याच्या सीमांत उत्पादकतेइतका मोबदला मिळतो, ही मांडणी पुढे त्याच्या नावाने ओळखली गेली आणि चाळिशीच्या आतल्या अर्थशास्त्रज्ञांना दिलं जाणारं अमेरिकेतलं मोठं पदकही त्याच्याच नावाचं आहे. त्याच्या वर्गात थॉर्स्टाइन व्हेब्लेन नावाचा नॉर्वेजियन शेतकऱ्याचा मुलगा बसत असे. तो १८८० साली तिथून पदवीधर झाला आणि १८९९ साली त्याने श्रीमंतांच्या दिखाऊ खर्चावर पुस्तक लिहून गुरूच्या सगळ्या घराण्याची झोप उडवली. मित्र हे रंगवून सांगायचा. मी ताटातलं संपवून भांड्यांच्या पाळीला जायचो. गुरूशी इतके टोकाचे मतभेद असलेलं पोर त्याच गुरूच्या हाताखाली तयार झालं, याचा अर्थ त्या वर्गात काहीतरी बोलणं होत असणार, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. कारण मी स्वतः वर्गात बोलत नव्हतो.

माझी सगळ्यांत महाग चूक हीच.

आम्ही शिकलो ते असं: सर शिकवणार, आपण उतरवून घेणार, घरी पाठ करणार, परीक्षेत परत करणार. मधे हात वर करणारा मुलगा एकतर आगाऊ, नाहीतर कच्चा. मी दोन्ही नव्हतो. त्या कॉलेजात प्राध्यापकांना पहिल्या नावाने हाक मारायची पद्धत होती. मला ते शेवटपर्यंत जमलं नाही. इतर मुलं एका ओळीचा ईमेल टाकायची. मी ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरुवात करून तीन परिच्छेदांची दिलगिरी लिहायचो आणि मग तो ईमेल पाठवायचाच नाही. प्रत्येक प्राध्यापकाचे आठवड्यातले काही तास विद्यार्थ्यांसाठी राखलेले असतात. दार उघडं ठेवून ते बसलेले असतात. मला वाटायचं, तिथे जाणं म्हणजे एकतर लाडीगोडी लावणं, नाहीतर आपल्याला येत नाही याची कबुली देणं. म्हणून त्या मजल्यावरून जाताना मी पावलं भरभर उचलायचो.

मायक्रोइकॉनॉमिक्सच्या दुसऱ्या टप्प्यात माझ्या एका निबंधावर मॅडमनी लिहिलं होतं: सगळं बरोबर आहे, पण यात तू कुठे आहेस? मी तो शेरा गुणांत कपात केल्याचं कारण म्हणून वाचला आणि कपात फक्त दोन गुणांची आहे हे पाहून निश्चिंत झालो. वर्गातल्या सहभागालाही गुण होते. तेवढे सोडून दिले तरी ए-मायनस निघतो, असं गणित मी मांडलं होतं, आणि ते बरोबरही आलं. कॉलेज ज्या गोष्टीसाठी वर्षाला ६० हजार डॉलर लावत होतं, ती गोष्ट मी दोन-चार गुणांची समजून सोडून देत होतो. बाकी सगळं, म्हणजे पुस्तकं, व्याख्यानं, गणितं, पुण्यातही मिळालं असतं. समोर बसून तुमचं म्हणणं उलटंपालटं करून पाहणारा माणूस, एवढंच तिथे वेगळं होतं.

याचा हिशेब शेवटच्या वर्षी प्रबंधाच्या वेळी चुकता झाला.

विषय निवडताना मला हायसं वाटलं होतं. कांदा! लासलगावची बाजार समिती आमच्या घरापासून जवळ. तिथल्या रोजच्या आवकेचे आणि भावाचे आकडे एनएचआरडीएफ या बागायती संशोधन संस्थेकडे मिळतात. वर्गातल्या कुणालाही माहीत नसलेला विषय, आणि मी त्या भागातला. प्रश्न सोपा ठेवला: आवक दहा टक्क्यांनी वाढली तर भाव किती टक्क्यांनी उतरतो? काही वर्षांचे महिन्यावार आकडे घेतले, दोन्हींचे लॉगॅरिदम काढले, भाव एका बाजूला आणि आवक दुसऱ्या बाजूला ठेवून रिग्रेशन चालवलं. माल वाढला की भाव पडतो हे शेंबडं पोरही सांगेल. तेव्हा गुणकाच्या मागे उणे चिन्ह येणार याबद्दल मला शंका नव्हती.

उत्तर शून्याच्या जवळपास आलं. काही वर्षं वेगळी काढून पाहिली तर चक्क अधिक चिन्ह. म्हणजे आवक जास्त तेव्हा भावही जास्त.

इथे एखाद्याने मार्गदर्शकांचं दार ठोठावलं असतं. मी संगणकासमोर बसून राहिलो. आधी महिन्यांसाठी वेगळे चल घातले. मग महागाई वजा केली. मग दोन वर्षं ‘असाधारण’ म्हणून यादीतून काढली, कारण त्या वर्षांत भाव भडकले होते आणि सरकारने निर्यातीवर किमान मूल्याची अट घालून ते पाडले होते. ती वर्षं गेल्यावर चिन्ह उणे झालं आणि आकड्यापुढे सांख्यिकीय महत्त्वाचा तारा उमटला. तळटिपेत लिहिलं, ‘असाधारण वर्षे वगळली आहेत.’ कांद्याच्या बाजारात जे काही समजून घेण्यासारखं घडतं ते नेमकं त्या वर्षांत घडतं, हे मला ठाऊक होतं. आमच्या घरचं वर्षही त्यावरच ठरायचं. तरी काढली. याला निष्काळजीपणा म्हणता येणार नाही. मला हवं ते उत्तर येईपर्यंत मी आकड्यांना पिळत राहिलो, आणि ते करताना मनात कुठेतरी कळत होतं.

सादरीकरणात मार्गदर्शकांनी ताऱ्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी विचारलं, “एखाद्या दिवशी बाजारात किती कांदा येणार हे कोण ठरवतं?”

“पीक किती आलं त्यावर ठरतं,” मी म्हणालो.

“सगळं पीक त्याच दिवशी येतं?”

मी काहीतरी पुटपुटलो. आमच्या वाड्यामागे कांदाचाळ आहे. दरवर्षी एप्रिल-मेमध्ये उन्हाळ कांदा तिच्यात भरताना मी लहानपणापासून पाहिलेलं आहे. तरीही त्या खोलीत उभा राहून मी ‘पीक’ असं उत्तर दिलं, कारण पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत पुरवठ्याची रेषा असते, चाळ नसते.

त्या रात्री बाबांना फोन केला. प्रबंध कांद्यावर आहे एवढंच त्यांना माहीत होतं. त्यात काय चाललंय हे मी कधी सांगितलं नव्हतं. त्यांना इंग्रजीतलं काय कळणार, असं धरून चाललो होतो. विचारलं, माल कधी काढायचा हे तुम्ही कसं ठरवता?

“अरे, भाव दिसला की निघतो माल. पडला की आपण थांबतो. सगळेच थांबतात. पण थांबून थांबून किती थांबणार? दसऱ्याच्या पुढे कोंब यायला लागतात, वजन घटतं, मग भाव असो-नसो काढावाच लागतो. आणि तिकडं लाल कांदा पावसात गेल्याची बातमी आली की, ज्याच्याकडं चाळीत आहे तो अजून दाबून धरतो.” मग जरा थांबून म्हणाले, “तुला ठाऊक नाही का? चाळ फोडताना फळ्या तूच काढायचास की.”

मी जे अधिक चिन्ह खोडत बसलो होतो त्याचं स्पष्टीकरण या मोजक्या वाक्यांत होतं. आवक भावाला खाली ओढते आणि भाव आवकेला वर ओढतो; दोन्ही एकाच वेळी चालू असतात. बाजारात नोंदला जाणारा प्रत्येक आकडा म्हणजे मागणी आणि पुरवठा या दोन्ही रेषा जिथे छेदतात तो बिंदू. असे शेकडो बिंदू जोडून जी रेष निघते ती मागणीची नसते आणि पुरवठ्याचीही नसते. अर्थशास्त्रात हे कोडं जुनं आहे. एल्मर वर्किंगने १९२७ साली नेमकं हेच दाखवलं होतं, आणि त्याचा उल्लेख आमच्या पाठ्यपुस्तकातही होता. मी तो परीक्षेसाठी अधोरेखित केला होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा मी मार्गदर्शकांच्या त्या उघड्या दारातून आत गेलो. सर बाबांचं म्हणणं ऐकून खुर्चीतून पुढे सरकले आणि मला वाक्यावाक्याने पुन्हा सांगायला लावलं. मग त्यांनी एक जुनी छायाप्रत काढली. १९२८ साली प्राणिज आणि वनस्पती तेलांवरच्या आयातशुल्काविषयी फिलिप राइट या माणसाने पुस्तक लिहिलं. त्याच्या ‘परिशिष्ट ब’मध्ये या कोड्याची सोडवणूक आहे. उदाहरणं लोण्याची आणि जवसाची. युक्ती अशी की दोन्हींपैकी एकाच रेषेला धक्का देणारी बाहेरची गोष्ट शोधायची. जवसाचं एकरी उत्पन्न हवामानाने घटलं तर पुरवठा हलतो, पण लोकांची गरज तीच राहते. मग भाव आणि खप जसे सरकतात त्यांतून मागणीची रेष दिसते. आज इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल म्हणून जगभर जे शिकवतात त्याचा उगम इथला.

सरांनी पुढे जे सांगितलं ते मला जास्त लागलं. हा राइट इलिनॉयमधल्या गेल्सबर्गच्या लोम्बार्ड नावाच्या चिमुकल्या कॉलेजात बरीच वर्षं शिकवत होता. अर्थशास्त्र, गणित, खगोलशास्त्र आणि निबंधलेखनसुद्धा. त्याच्या हाताखाली कार्ल सँडबर्ग नावाचा एक विद्यार्थी होता, पुढे कवी म्हणून पुलित्झर मिळवणारा. त्याची पहिली पुस्तकं राइटने स्वतःच्या घराच्या तळघरातल्या छापखान्यात छापली. लोम्बार्ड १९३० साली बंद पडलं. परिशिष्ट बराच काळ विस्मरणात गेलं, आणि ते खरं राइटने लिहिलं की त्याच्या आनुवंशिकीतज्ज्ञ मुलाने, सिवॉल राइटने, यावर वाद झाला. २००३ साली जेम्स स्टॉक आणि फ्रांचेस्को ट्रेबी यांनी दोघांच्या लेखनशैलीची सांख्यिकीय तुलना केली; कौल बापाच्या बाजूने गेला. निबंध शिकवणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाचा हात त्याच्या वाक्यरचनेवरून ओळखला गेला. ‘सगळं बरोबर आहे, पण यात तू कुठे आहेस’ हा शेरा मला त्या वेळी आठवला आणि कान गरम झाले.

प्रबंध मी पुन्हा लिहायला घेतला, पण सत्र संपत आलं होतं. लाल कांद्याच्या काढणीच्या वेळचा अवेळी पाऊस हा पुरवठ्याला धक्का देणारा घटक म्हणून वापरला. त्यातून मागणीचा अंदाज निघाला, पण असे पाऊस मोजकेच. आकडा डळमळीत राहिला. पुरवठ्याची रेष काढायला मागणीला बसलेला धक्का हवा. निर्यातीवरचे निर्बंध त्यासाठी वापरावेत असं मी सुचवलं, तर सर म्हणाले, सरकार निर्बंध कधी घालतं? भाव वाढल्यावर. म्हणजे तुझं साधनच त्या भावाने ठरतं. यावर तोड होती, पण ती काढायला अजून एक वर्ष लागलं असतं. वगळलेली वर्षं परत घातली, तारा गेला, आणि पहिल्या मसुद्यात काय केलं होतं ते तळटिपेत लिहून प्रबंध दिला. विभागाचा सन्मान मिळाला नाही. मिळायलाही नको होता.

शेवटची चूक सर्वांत रुक्ष, आणि पैशात मोजली तर सर्वांत मोठी. अमेरिकेत पदवीनंतर परदेशी विद्यार्थ्याला एक वर्ष काम करता येतं. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीतला विषय असेल तर आणखी दोन वर्षं मिळतात. अर्थशास्त्र त्या यादीत आहे का? उत्तर कॉलेज आपल्या अभ्यासक्रमाला कोणता सरकारी क्रमांक लावतं यावर ठरतं. ४५.०६०१, म्हणजे सर्वसाधारण अर्थशास्त्र, यादीत नाही. ४५.०६०३, म्हणजे अर्थमिती आणि संख्यात्मक अर्थशास्त्र, यादीत आहे. काही कॉलेजांनी विद्यार्थ्यांच्या मागणीवरून क्रमांक बदलून घेतले. आमच्या विभागाचा पहिला होता. हे मला शेवटच्या सत्रात, कागदपत्रं भरताना कळलं. पहिल्या वर्षी विचारलं असतं तर गणिताची जोड घेऊन वाट काढता आली असती, किंवा इतर परदेशी मुलांना घेऊन विभागाकडे अर्ज करता आला असता. मी विचारलं नाही. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या सोडतीत तीन वर्षांत तीन वेळा नाव घालता आलं असतं, ते मला एकदाच घालता आलं. लागलं नाही. मी परत आलो.

आता पुण्यात शेतमालाच्या भावांवर काम करतो. रिअल ॲनालिसिसचं पुस्तक विकत घेतलंय, दुसऱ्या प्रकरणाच्या पुढे गेलेलो नाही. नवे आकडे हाती आले की आधी ज्या बाजारातले आहेत तिथे जाऊन हमाल, मापारी, व्यापाऱ्यांचे दिवाणजी यांच्याशी बोलतो. बाबांनाही फोन करतो. त्यांना हल्ली कंटाळा येतो. एवढं शिकून मलाच विचारतोस, म्हणतात.

निफाड-येवल्याकडची मुलं आणि त्यांचे आईवडील मला अधूनमधून विचारतात की अशा कॉलेजात अर्थशास्त्राला जावं का. जावं, असंच मी सांगतो. मग ते क्रमवारी विचारतात, पगार विचारतात. मी म्हणतो, आज रात्री त्या विभागातल्या एखाद्या प्राध्यापकाला ईमेल कर आणि त्यांचा अभ्यासक्रम कोणत्या क्रमांकाखाली नोंदलाय एवढंच विचार. उत्तर कसं येतं त्यावरून कॉलेज कळतं. ईमेल पाठवायला पोरगं किती दिवस लावतं, त्यावरून मला पोरगं कळतं. आणि जे दोन आठवड्यांनीही ‘पाठवतोय, सर’ म्हणतं, त्याला मी घरी बोलावतो, समोर बसवतो आणि तो ईमेल माझ्यादेखत पाठवायला लावतो.